नवा बंब आला म्हणून जुना लगेच हलवू नका

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अग्निशमन दलात नवा बंब दाखल झाला की वृत्तपत्रांत त्याचे छायाचित्र येते. काचेवर झेंडूची माळ, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, शेजारी हिरवा झेंडा घेतलेले मान्यवर. ज्याच्या जागी तो आला तो जुना बंब त्या छायाचित्रात नसतो. बहुतेक वेळा तो तोवर मागच्या आवारात गेलेला असतो आणि त्याची बॅटरी दुसऱ्या गाडीत बसलेली असते. पंप, गॅरेज आणि वॉचरूम (आगीचे फोन घेणारी खोली) या तिन्हींशी कामामुळे संबंध आलेल्या आम्हा काही जणांचे म्हणणे एवढेच आहे की, ही अदलाबदल एका दिवसात उरकू नये. जुन्यावर खर्च करणे थांबलेले आणि नव्यावर अजून हात न बसलेला, अशा मधल्या काळात अग्निशमन केंद्र सर्वांत दुबळे असते. गावाला मात्र वाटत असते की आपल्याकडे आता नवी गाडी आहे.

आधी नियमाचे पाहू. केंद्र सरकारने १६ जानेवारी २०२३ रोजी काढलेल्या अधिसूचनेनुसार, १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. यात राज्य सरकार, पालिका, महामंडळे सगळे आले. अशी वाहने नोंदणीकृत मोडणी केंद्रातच जायला हवीत. देशाचे संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठी लागणाऱ्या विशेष वाहनांना सूट आहे. आगीच्या बंबाचे नाव त्या सुटीत घेतलेले नाही. तेव्हा पंधरावे वर्ष संपण्याआधी बदली गाडी दारात हवी, हे गणित कॅलेंडर पाहून कोणालाही मांडता येते. चासी (इंजिनासह गाडीचा सांगाडा), तिच्यावरची बांधणी, तपासणी आणि नोंदणी हे सगळे धरले तर मागणीचा कागद तेराव्या वर्षीच हलायला हवा. तो चौदा वर्षे अकरा महिन्यांनी हलला की मग भाड्याची सोय, शेजारच्या केंद्राची उसनी गाडी असले प्रकार सुरू होतात.

वयाचा हा नियम चांगला की वाईट यावर वाद होऊ शकतो. बंबाचे खरे वय मात्र नोंदणीच्या पुस्तकातून कळत नाही. किलोमीटरच्या काट्यावर तर मुळीच जाऊ नये. बंब धावतो कमी आणि उभा राहून राबतो जास्त. एखाद्या गोदामाच्या आगीत तो येताना-जाताना वीस किलोमीटर चालतो आणि तिथे आठ तास पीटीओ (इंजिनाची ताकद पंपाकडे वळवणारी जोडणी) लावून पंप चालवतो. पंपावरचा एक तास म्हणजे इंजिनाच्या झिजेच्या दृष्टीने ढोबळमानाने ४० ते ५० किलोमीटर धरतात. म्हणजे त्या दिवशी गाडी वीस नव्हे, साडेतीनशे ते चारशे किलोमीटर चालली. ज्या केंद्रात पंपतासांची वही नीट ठेवलेली असते, तिथे कोणती गाडी आधी बदलायची याबद्दल वाद होत नाही. नव्या गाड्यांवर अवर मीटर (चाललेले तास मोजणारा काटा) असतो. जुन्यांवर तो बहुधा बंद पडलेला असतो आणि बदलायला किरकोळ खर्च येतो, तरी कोणी बदलत नाही.

जुना बंब नेमका कुठे थकतो हेही सांगितले पाहिजे, कारण लाल रंगाचा एक ताजा हात दिला की तो परेडला नव्यासारखा दिसतो. गोव्यात पहिला शत्रू खारी हवा आणि दुसरा चार महिन्यांचा पाऊस. गंज वरून येत नाही, खालून येतो: टाकी ज्या क्रॅडलवर बसते तिथल्या रबरी पट्टीखाली, चासीच्या आडव्या पट्ट्यांत, बॅटरीच्या ट्रेमध्ये, लॉकरच्या बिजागऱ्यांत. जुन्या टाक्या साध्या पोलादाच्या. आतला लेप सुटला की गंजाचे पापुद्रे पंपाच्या वाटेने थेट होजरीलच्या (रिळावर गुंडाळलेल्या बारीक नळीच्या) नोझलपर्यंत जातात आणि ऐन वेळी फवारा बंद होतो. हातोडीने चासीवर ठोकून आवाज ऐकला की रंगाखाली काय आहे ते समजते. टायरचेही तसेच. बंबाचे टायर झिजून नाही, वयाने मरतात. बाजूच्या भिंतीवरील चार आकडे वाचा: ‘२३१९’ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. खाच पूर्ण शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांनी, कायम भरलेल्या टाकीचे ओझे घेऊन एकाच जागी उभ्या राहिलेल्या टायरला भेगा पडतात. असा टायर भर वेगात फुटतो.

मग हवेच्या ब्रेकची गळती. एअर टाकीत साधारण ५ बारच्या वर दाब चढल्याखेरीज मागचा स्प्रिंग ब्रेक सुटत नाही. जुन्या गाडीत जोडाजोडांतून हवा जात राहते. रात्री भरलेला दाब पहाटे उतरलेला असतो. घंटा वाजल्यावर इंजिन सुरू करून दोन-तीन मिनिटे हवा भरण्याची वाट पाहावी लागते. आगीच्या सुरुवातीची ही दोन-तीन मिनिटे कोणत्याही नव्या तंत्रज्ञानाने परत मिळत नाहीत. यावर उपाय स्वस्त आहे. केंद्राच्या शेडमध्ये एक लहान कॉम्प्रेसर आणि एक बॅटरी चार्जर ठेवून एकाची नळी आणि दुसऱ्याची वायर गाडीला जोडून ठेवायची. गाडी सुटली की आपोआप निसटतील असे जोड मिळतात. नव्या बंबासाठीही हे लागेल. त्याच्या इलेक्ट्रॉनिक्सला उभ्या गाडीतही वीज लागते आणि आठवडाभर न हललेली नवी गाडी बॅटरीअभावी सुरू न होणे ही नवलाची गोष्ट नाही.

पंपाबद्दल थोडे सविस्तर. आपल्या जुन्या बंबांतला नेहमीचा पंप म्हणजे ७ बार दाबाला मिनिटाला १,८०० लिटर देणारा, गनमेटलचा, मागे बसवलेला. दिसायला ओबडधोबड, पण चुका पोटात घालणारा. त्याच्या शाफ्टवर ग्लँड पॅकिंग (शाफ्टभोवती आवळून बसवलेली दोरीसारखी भरण) असते आणि पंप चालताना तिथून मिनिटाला काही थेंब गळायलाच हवेत. त्या थेंबांनीच शाफ्ट थंड राहतो. नवख्याला ही गळती वाटते, तो ग्लँड नट आवळत जातो आणि शाफ्टवर चर पडतो. नव्या पंपांत मेकॅनिकल सील (एकमेकींवर घासत फिरणाऱ्या दोन गुळगुळीत चकत्या) असते. त्यातून थेंबही येता कामा नये, पण ते कोरडे चालवले तर अर्ध्या-एक मिनिटात जळू शकते. सवय जुन्या पंपाची आणि हाताखाली नवा, अशा वेळी नुकसान होते ते इथे. दोन्ही पंपांना लागू असलेली गोष्ट अशी की, सगळे डिलिव्हरी व्हॉल्व (पाणी बाहेर सोडणारे) बंद ठेवून पंप पळवत राहिले तर आतले तेच पाणी घुसळून तापते. पुढे ब्रांच (होजच्या टोकाची झोत सोडणारी नळी) धरलेल्या जवानाने पाणी थांबवले असेल तर ऑपरेटरने एक डिलिव्हरी किंचित उघडी ठेवावी, किंवा टाकीकडे परतीची लाइन सोडावी.

आता नवा बंब. त्यात येतो मल्टिप्रेशर पंप: एकाच शाफ्टवर साध्या दाबाची आणि उच्च दाबाची अशी दोन अंगे. साध्या दाबाला १० बारवर २,००० ते ३,००० लिटर आणि उच्च दाबाला ३५ ते ४० बारवर २५०–३०० लिटर. उच्च दाबाची होजरील हे याचे खरे बळ. का, ते आकड्यांत पाहा. २० मिलिमीटरच्या नोझलला ७ बार दाब दिला तर मिनिटाला सुमारे ७०० लिटर पाणी जाते. ४,५०० लिटरची टाकी साडेसहा मिनिटांच्या आत रिकामी. तेवढीच टाकी मिनिटाला १५० लिटरच्या एका उच्च दाबाच्या फवाऱ्याला अर्धा तास पुरते. घरातली आग, दुकान, पेटलेली गाडी, काजूच्या बागेची कड यांत बारीक तुषार जास्त उष्णता ओढतात आणि घरातल्या सामानाची नासाडीही कमी होते. शिवाय ७ बारच्या त्या जाड झोताचा उलटा धक्का सुमारे ४५ किलोचा असतो. तो दोघांनी धरावा लागतो. होजरील एकटा जवान ओढत आत नेतो.

पण ३,००० लिटरचा आकडा पाटीवर वाचून खूश होऊ नये. पंप उघड्या पाण्यातून तेवढे ओढतो की नाही हा एक प्रश्न, आणि बंबाच्या स्वतःच्या टाकीतून पंपाकडे येणारा पाइप तेवढे देतो की नाही हा दुसरा. बांधणी करणारा हा पाइप किंवा त्यावरचा व्हॉल्व अरुंद ठेवतो, त्यात दोन कोपरे घालतो, आणि मग टाकीवर चालताना निम्माच पुरवठा मिळतो. ही चूक कागदावर दिसत नाही. टाकी भरून, दोन डिलिव्हरी पूर्ण उघडून, फ्लो मीटर लावूनच दिसते.

गाडी ताब्यात घेताना काय तपासावे याची यादी दलातल्या जाणत्या माणसांना पाठ आहे. अडचण अशी की उद्घाटनाची तारीख आधी ठरते. आमच्या मते चार गोष्टींना फाटा देऊ नये. पहिली, वजनकाटा. टाकी आणि फोम पूर्ण भरून, शिडी, होज, श्वसनसंच आणि सहा माणसे चढवून, पुढचा आणि मागचा अॅक्सल वेगवेगळा मोजायचा. २०१८ च्या सुधारणेनंतर दोन अॅक्सलच्या गाडीची मर्यादा एकूण १८.५ टन आहे. पुढे ७, मागे ११.५. पाणी ४,५०० किलो, फोम ५०० किलो, माणसे त्यांच्या साधनांसह सहाशेक किलो, आणि नंतर ‘हेही बसवा’ म्हणून वाढलेली हत्यारे. पंप मागे असल्याने यातले बरेचसे मागच्या अॅक्सलवर जाते. एकूण वजन मर्यादेत आणि मागचा अॅक्सल मर्यादेबाहेर, असे सहज होऊ शकते. डाव्या-उजव्या चाकांतला फरकही बघावा. जनरेटर, कटर आणि स्प्रेडर एकाच बाजूच्या लॉकरमध्ये ठेवले की गाडी वळणावर झुकते.

दुसरी, कोरडी निर्वात चाचणी. सर्व झाकणे लावून, सक्शनचे (पाणी आत ओढणाऱ्या नळीचे) तोंड बंद करून प्रायमर (पंपातली हवा काढून टाकणारे यंत्र) चालवायचा. काटा ०.८ बार निर्वाताच्या जवळ, म्हणजे पाऱ्याच्या ६०० मिलिमीटरच्या आसपास गेला पाहिजे. मग प्रायमर बंद करून मिनिटभर काट्याकडे बघत राहायचे. तो झपाट्याने उतरू लागला तर हवा कुठून तरी आत येते आहे: सक्शनच्या वॉशरमधून, ड्रेन कॉकमधून, ग्लँडमधून किंवा गेजच्या बारीक नळीतून. दोन मिनिटांची ही चाचणी रोज सकाळी पाळी बदलताना करता येते आणि जुन्या बंबावरही तितकीच लागू आहे.

तिसरी, प्रत्यक्ष पाण्यावर खोल ओढ. समुद्रसपाटीला निर्वाताने पाणी पुस्तकात १०.३ मीटर चढते, कामात ७ ते साडेसात. गोव्यात ही चाचणी शोभेची नाही. मे महिन्यात सड्यावरच्या चिऱ्यांतल्या विहिरींचे पाणी या सात-साडेसात मीटरच्या खाली जाते. बंद खाणींच्या खंदकांत पाणी भरपूर, पण काठावर उभ्या बंबापासून पंधरा-वीस मीटर खाली. तिथे कितीही भारी पंप असला तरी सक्शनने पाणी येणार नाही. निसर्गाचा नियम कंत्राटाने बदलत नाही. अशा जागांसाठी तरंगता पंप किंवा इजेक्टर (पाण्याच्या झोताच्या जोरावर खालचे पाणी वर आणणारे साधन) गाडीसोबत हवा. देवळाच्या तळ्या, व्हाळावरचे बंधारे, मानशीजवळचे (भरतीचे पाणी अडवणाऱ्या दारांजवळचे) पाणी हे खरे तर उत्तम स्रोत, पण गाडी काठापासून किती अंतरावर उभी राहू शकते याचा नकाशा प्रत्येक केंद्राने उन्हाळ्यात करून ठेवायचा असतो. मांडवी, जुवारीच्या भरतीचे किंवा खाजनातले (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीतले) पाणी ओढले तर परतल्यावर गोड्या पाण्याने पंप, प्रायमर, मॉनिटर (गाडीवरची पाण्याची तोफ), होज सगळे किमान दहा मिनिटे धुवायला हवे. हलक्या अॅल्युमिनियम मिश्रधातूचा नवा पंप खाऱ्या पाण्याच्या बाबतीत जुन्या गनमेटलइतका सोशिक नसतो. अॅल्युमिनियमच्या पट्टीत स्टेनलेसचा स्क्रू आणि त्यावर मीठ, एवढ्यावर दोन पावसाळ्यांत शटर अडकायला लागतात. बांधणीच्या वेळीच मध्ये नायलॉनचे वॉशर घालून घ्यावेत.

चौथी, दीर्घ चाचणी. एप्रिल-मेच्या उन्हात सलग चार तास पूर्ण दाबाने पंप चालवायचा आणि दर पंधरा मिनिटांनी इंजिनाचे तापमान, तेलाचा दाब, पीटीओ आणि गिअरबॉक्सची उष्णता लिहायची. उभ्या गाडीला वाऱ्याचा झोत मिळत नाही, त्यामुळे रस्त्यावर थंड राहणारे इंजिन पंपावर तापते. गाडी हमीत असतानाच हे कळलेले बरे.

यापुढचा विषय असा, ज्याच्याकडे खरेदीच्या कागदांत लक्ष जात नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या नव्या चासी बीएस-सहा (धुराच्या प्रदूषणावरचे कडक मानक) आहेत. जुन्या इंजिनात डिझेल पंप यांत्रिक. हवा धरली तर पान्याने ब्लीड करून गाडी पुन्हा चालू करता यायची. नव्यात धूर साफ करणारी यंत्रणा आहे, तिला गॅरेजात सगळे ‘युरिया’ म्हणतात ते द्रव लागते. मालट्रकमध्ये ते भराभर संपते आणि वरचेवर भरले जाते. बंब महिन्यात थोडाच चालतो. द्रव टाकीत महिनोन्महिने पडून राहते, उष्णतेने बिघडते, नोझलवर पांढरे स्फटिक धरतात आणि दिवा लागतो. दिव्याकडे दुर्लक्ष केले तर इंजिन आपणहून ताकद कमी करते. आगीवर पंप चालू असताना ताकद उतरणे म्हणजे काय, ते पुढे ब्रांच धरून उभ्या असलेल्याला विचारावे. खरेदीच्या अटींतच लिहून घ्यावे की, आणीबाणीच्या वाहनाला ही ताकद-कपात लागू होणार नाही. आणि द्रवाचे कॅन सावलीत, तारीख टाकून ठेवावेत.

दुसरी गोष्ट धुराच्या नळीतल्या फिल्टरची. काजळी साचली की इंजिन ती जाळून टाकते आणि तेव्हा नळीतले तापमान ५५० ते ६०० अंशांपर्यंत जाते. सत्तरी-सांग्याकडे मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बागेत, वाळलेल्या पाल्यावर गाडी उभी करून पंप चालवताना हे आपोआप सुरू झाले तर बंबाखालीच आग लागायची. त्यासाठी ते रोखून धरणारे बटण ऑपरेटरच्या हाताशी हवे, आणि ते कधी दाबायचे व केंद्रात परतल्यावर मोकळ्या फरशीवर ती प्रक्रिया कशी पूर्ण करून घ्यायची हे प्रत्येक पाळीला शिकवलेले हवे. (डोंगराच्या आत शिरलेल्या वणव्याला बंबाचा उपयोग तसाही मर्यादित. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या जंगलांसाठी हवाई दल आणि नौदलाची हेलिकॉप्टर बोलवावी लागली होती. तिथे पाठीवरचे पंप आणि झोडपणी लागते.)

आता आकार. नवी गाडी जुन्यापेक्षा लांब, उंच आणि जड असते. केंद्राच्या शेडचे दार, खालच्या गटारावरचा स्लॅब, वाड्यावर जाणारी मोरी हे सगळे जुन्या गाडीच्या मापाचे. चोडण-दिवाडीसाठी फेरीबोट लागते. पंप मागे असलेल्या बंबाचा शेपटाकडचा भाग लांब असल्याने ओहोटीच्या वेळी रॅम्पवर चढताना तो घासतो. भरल्या टाकीनिशी ती फेरीबोट गाडी घेते का, आणि नसेल घेत तर बेटावर पाणी कुठून ओढायचे, हे तालीम करूनच ठरवता येते. टाकी अर्धी करून चढवण्याचा मोह आवरावा. अर्ध्या टाकीतले पाणी हिंदकळते आणि आतले पडदे नीट नसतील तर चोर्ला किंवा अनमोडच्या घाटात वळणावर गाडी ओढून नेते. टाकी एक तर पूर्ण भरलेली, नाही तर पूर्ण रिकामी.

डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथे नाइट क्लबला लागलेल्या आगीत २५ जणांचा जीव गेला. अरुंद वाटेमुळे बंब सुमारे ४०० मीटर अलीकडे थांबवावे लागल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. हे ४०० मीटर पंपावरच्या माणसाला काय सांगतात ते पाहा. ६३ मिलिमीटरच्या होजमध्ये मीटरला तीन लिटरहून थोडे जास्त पाणी मावते. म्हणजे चौदा होज जोडून नुसती नळी भरायलाच सुमारे १,२५० लिटर, टाकीच्या पावपट पाणी खर्च. मिनिटाला ५०० लिटर पाठवायचे तर घर्षणात सुमारे साडेचार बार जातात. १,००० लिटर पाठवायचे म्हटले तर दुप्पट नव्हे, चौपट: सुमारे १८ बार. साध्या दाबाच्या पंपाला ते शक्य नाही. दोन समांतर लाइन टाकाव्या लागतात किंवा मध्ये दुसरा पंप. आणि हे सगळे अंधारात, पळणाऱ्या गर्दीतून. म्हणून आमचा आग्रह असा की, किनारी पट्ट्यातल्या किंवा पणजीच्या फोंतेन्हाससारख्या गल्लीबोळांच्या भागातल्या केंद्रांना एका मोठ्या बंबाच्या जोडीला उच्च दाबाचा पंप आणि काही शे लिटरची टाकी असलेली लहान, चपळ गाडी द्यावी. मोठ्या गाडीने मुख्य रस्त्यावरून पाणी पुरवावे, लहानीने आत शिरावे. ४,५०० लिटरच्या दोन मोठ्या गाड्या दिमाखदार दिसतात, पण दोन्ही एकाच नाक्यावर अडकतात.

फोमबद्दल एक सूचना. जानेवारी २०२३ मध्ये पिळर्ण औद्योगिक वसाहतीतल्या रंगाच्या कारखान्याच्या आगीने नुसत्या पाण्याची मर्यादा सर्वांना दाखवली. नव्या बंबावर फोमची वेगळी टाकी येते हे चांगलेच. मात्र गोव्यात मद्याचे कारखाने आणि गोदामे बरीच आहेत आणि अल्कोहोलवर साधा फोम टिकत नाही. त्यातले पाणी अल्कोहोलमध्ये मिसळून थर फाटत जातो. तिथे अल्कोहोलरोधक फोमच लागतो. कुंडई, वेर्णे, पिळर्ण या वसाहतींजवळच्या केंद्रांनी तोच साठवावा आणि जुन्या बंबातून उरलेला दुसऱ्या जातीचा फोम नव्या टाकीत ओतून ‘संपवू’ नये. दोन फोम मिसळले की लगदा होऊ शकतो आणि प्रपोर्शनर (पाण्यात ठरावीक प्रमाणात फोम मिसळणारे यंत्र) तुंबतो.

जुना बंब कसा निवृत्त करावा, तर आमच्या मते असा. नवा आल्यापासून किमान तीन महिने, नोंदणीची मुदत शिल्लक ठेवून, दोन्ही गाड्या एकाच केंद्रात सज्ज ठेवाव्यात. पहिली घंटा नव्याची, मदतीला जुना. या काळात तिन्ही पाळ्यांतल्या प्रत्येक ड्रायव्हर-ऑपरेटरने नव्या पंपावर दिवसा आणि रात्री, पावसात आणि कोरड्यात हात चालवलेला असावा. पॅनलवरचा पडदा बंद पडला तर हाताने पीटीओ कसा लावायचा आणि हवेवर चालणारे व्हॉल्व हाताने कसे उघडायचे हे डोळे मिटून यावे. असे हाताने चालवण्याची सोयच नसलेली गाडी घेऊ नये. पावसाळ्यात झाडे पडल्याचे फोन रांगेने येतात; त्या कामासाठी चेन सॉ, विंच, दोर चढवून जुन्या गाडीला पाठवले तर नवी गाडी आगीसाठी मोकळी राहते. जुन्याची निवृत्ती म्हणूनच जूनमध्ये करू नये. पावसाळा संपल्यावर करावी.

मोडीत देण्याआधी त्याच्यावरचे काढून घेण्यासारखे पुष्कळ असते. गनमेटलचे कपलिंग, सक्शनचे स्ट्रेनर, शिडी, ब्रांच हे सगळे तपासून नव्यावर किंवा साठ्यात घ्यावे. मात्र सक्शनचे आटे नव्या पंपाशी जुळतात का ते आधी बघावे, नसेल तर अॅडॅप्टर करून घ्यावा. पंप रीतसर परवानगीने उतरवून, केसिंगचा एक भाग कापून, इंपेलर (पाणी फेकणारे आतले चाक) दिसेल असा चौथऱ्यावर बसवला तर प्रशिक्षणाला त्याच्याइतके चांगले साधन विकत मिळणार नाही. आतला फोम आणि तेल गटारात सोडू नये. सायरन, दिवे, वायरलेस संच आणि दाराची बोधचिन्हे उतरवावीत, नोंदणी रद्द झाल्याचा आणि मोडणी केंद्राच्या ठेवीचा दाखला फायलीत लावावा. आवारात वर्षानुवर्षे झाड उगवलेला बंब उभा ठेवणे यात कसलाच सन्मान नाही, आणि डासांची सोय तेवढी होते.

देखभालीचा करार हा शेवटचा मुद्दा. गाडीच्या किमतीत पाच वर्षांचे सुटे भाग धरलेले हवेत: मेकॅनिकल सील, प्रायमरचे डायफ्रॅम आणि बेल्ट, दाबाचे सेन्सर, होजरीलचे स्विव्हल, शटरच्या पट्ट्या. बिघाड झाल्यावर चोवीस तासांत माणूस येणार की आठवड्याने, हे करारात आकड्याने लिहिलेले हवे. चासीवाला म्हणतो दोष बांधणीचा, बांधणीवाला म्हणतो पंपाचा, पंपवाला म्हणतो चासीचा; या तिघांच्या मधे गाडी महिनाभर उभी राहते. उत्तरदायी एकच पक्ष ठेवावा.

संपादक महोदय, आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी नव्या बंबाच्या उद्घाटनाला गेलात तर किंमत आणि टाकीची क्षमता यांबरोबर चार आकडे विचारून छापा: मागच्या अॅक्सलचे वजन, निर्वात चाचणीचा काटा, सात मीटर ओढीवर पाणी यायला लागलेले सेकंद आणि टाकीवर चालताना पंपाने दिलेले मिनिटाचे लिटर. उत्तर ‘ते नंतर बघू’ असे आले, तर तेही छापा.

आपले,
बंबाच्या पंपावर, गॅरेजात आणि वॉचरूममध्ये काम केलेले काही जण
फोंडा – गोवा